प्रस्तावना : कातळाआधी कंडरा

प्रस्तरारोहण म्हणजे उभ्या कातळावर स्वतःच्या हातापायांच्या बळावर चढून जाण्याची कला. दोर, हार्नेस, कॅराबिनर, बोल्ट ही साधने या कलेच्या शुद्ध रूपात, ज्याला मुक्त चढाई म्हणतात, पडणाऱ्याला झेलण्यासाठी असतात, चढणाऱ्याला वर ओढून नेण्यासाठी नसतात; त्यामुळे शरीराचा जो अंश कातळाला प्रत्यक्ष टेकतो, म्हणजे हाताच्या बोटांची शेवटची पेरे आणि बुटाच्या आतली अंगठ्याची कड, त्यावरच सारा भार येऊन ठेपतो. हाताची बोटे धरायला, वेचायला, विणायला घडलेली आहेत. अख्खा देह दोन पेरांवर तोलून धरणे हे त्यांचे नित्याचे काम नव्हे. ते काम त्यांना शिकवता येते. मात्र त्यासाठी किती काळ द्यावा लागतो आणि तो न दिल्यास नेमके काय तुटते, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

या विषयाची एरवी दोन वेगळी प्रकरणे केली जातात, एक बल वाढवण्याचे आणि दुसरे दुखापत टाळण्याचे, आणि पहिले उत्साहाने व दुसरे नाइलाजाने वाचले जाते. ही फाळणी प्रस्तुत ग्रंथाला मान्य नाही. स्नायूंना रक्ताचा पुरवठा भरपूर असतो, म्हणून ते काही आठवड्यांच्या सरावाने दिसण्याइतके बळकट होतात. उलट कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट दोर, आणि अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारे पट्टे, यांच्याकडे रक्त कमी पोहोचते आणि त्यांच्यातील तंतूंची बांधणी भाराला जुळवून घ्यायला महिने, कित्येकदा वर्षे घेते. नवा आरोहक दोन-तीन महिन्यांत आधी न जमणारा चढ चढू लागतो, आणि आपले सारे शरीर तयार झाले अशी त्याची समजूत होते, तेव्हा प्रत्यक्षात फक्त स्नायू तयार झालेले असतात. ओढणारा हात पुढे गेलेला असतो आणि धरणारे बोट मागे राहिलेले असते. बहुसंख्य दुखापती या अंतरात घडतात. हे अंतर मोजत, राखत आणि हळूहळू भरत जाणे हेच बलसंवर्धन आणि हाच प्रतिबंध.

बोटाची रचना जवळून पाहिल्याखेरीज हे नीट उमगत नाही. बोटांत स्नायू जवळजवळ नाहीतच. बोट वाकवणारे मोठे स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात आणि त्यांच्या लांब कंडरा तळहातातून बोटांत उतरतात. मासे धरण्याच्या गळाची दोरी काठीवरच्या कड्यांतून जाते तशा या कंडरा हाडाला चिकटलेल्या तंतुमय वलयांतून जातात, आणि ही वलये नसती तर बोट वाकताच कंडरा ताणलेल्या प्रत्यंचेप्रमाणे हाडापासून सुटून वर आली असती. प्रत्येक बोटात अशी पाच मुख्य वलये असून त्यांतील दुसरे आणि चौथे सर्वांत महत्त्वाची आहेत. बारीक खाचेवर बोट मधल्या सांध्यात काटकोनात दुमडून आणि टोकाचा सांधा उलटा वाकवून धरण्याच्या पकडीला आरोहक 'क्रिम्प' म्हणतात, आणि या पकडीत दुसऱ्या वलयावर येणारा ताण उघड्या हाताच्या पकडीच्या कितीतरी पट असतो. पाय सटकतो, भार क्षणात बोटावर येतो, आणि कधीकधी शेजारच्यालाही ऐकू जाईल असा 'टक्' आवाज होतो. हे बहुधा अनामिकेच्या बाबतीत घडते. जर्मन वैद्य फोल्कर शॉफ्ल यांनी या इजेच्या चार श्रेणी पाडल्या. त्यांतील पहिल्या तीन बहुतांशी विश्रांती, आधार आणि क्रमाक्रमाने वाढवलेला भार यांनी बऱ्या होतात आणि चौथीला शस्त्रक्रियेची गरज भासते. निरोगी बोटाला चिकटपट्टी गुंडाळल्याने वलय तुटायचे वाचते, या सर्वत्र पसरलेल्या समजुतीला मात्र भक्कम आधार नाही. पट्टी कातडी वाचवते आणि इजा झालेल्या बोटाला आधार देते, त्यापलीकडे तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

बोटांखालोखाल खांदा आणि कोपर येतात. आरोहक सतत खाली ओढतो, दूर ढकलण्याचे काम त्याला फारसे पडत नाही, म्हणून छातीपुढचे आणि पाठीचे ओढणारे स्नायू आखडत जातात, खांदे पुढे झुकतात आणि हात डोक्यावर नेताना सांध्यातील जागा अपुरी पडू लागते. कोपराच्या आतल्या बाजूचे चिवट दुखणे, टाच खाचेत अडकवून ओढताना मांडीच्या मागे होणारी इजा, वर पाहत दोर सांभाळणाऱ्याची अवघडलेली मान, अतिघट्ट बुटांनी वाकडा झालेला अंगठा ही याच घरातली मंडळी आहेत.

दुखापती कातळाच्या जातीप्रमाणेही बदलतात, आणि मराठी वाचकासाठी लिहिताना हे विसरून चालत नाही. या विषयावरचे बहुतेक लेखन युरोप-अमेरिकेतील चुनखडक, वालुकाश्म आणि ग्रॅनाइट यांवर, किंवा कृत्रिम भिंतीवर चढणाऱ्यांसाठी झालेले आहे. सह्याद्रीचा कातळ बेसॉल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो घडला. त्यात टणक थरावर ठिसूळ थर, मध्येच भाजलेल्या लाल मातीचा पट्टा, अशी उतरंड असते, आणि म्हणून कड्यावर उभी भिंत संपली की गवताची आणि मुरमाची पट्टी लागते, पुन्हा भिंत लागते. लिंगाणा, जीवधनजवळची वानरलिंगी, खंडाळ्याची नागफणी, मनमाडकडची हडबीची शेंडी, तैलबैल्याच्या जोडभिंती यांवर गेलेल्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. येथे पडणारा आरोहक मोकळ्या हवेत लोंबकळत नाही, तो पट्टीवर आदळतो, म्हणून घोटा आणि टाच मोडतात. वरच्याच्या पायाखालचा धोंडा खालच्याच्या डोक्यावर येतो. कपारीतले आग्या मोहोळ उठले तर दोरावर अडकलेल्याला पळायला वाट नसते. याहून सूक्ष्म गोष्ट अशी की, हाताखालचा दगड राहील की निघेल याची खात्री नसलेला माणूस गरजेपेक्षा फार अधिक जोराने पकडतो, आणि सह्याद्रीत शिकलेल्या आरोहकाच्या हाताला ही अतिपकडीची सवय जडते. तीच सवय घेऊन तो शहरातील भिंतीवर रोज संध्याकाळी चढू लागला की बोटांची झीज सुरू होते. कड्यावरची दुखापत एका क्षणात होते आणि भिंतीवरची महिनोन्महिने साचत जाते. महाराष्ट्रातील आजची आरोहकांची पिढी दोन्ही ठिकाणी वावरते, म्हणून तिला दोन्ही प्रकारची सावधगिरी हवी.

बळ कमावण्याच्या पद्धतींचा इतिहास फार जुना नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक आरोहकांची धारणा अशी होती की चढण्याचा व्यायाम म्हणजे चढणे, वेगळ्या तालमीची गरज नाही. अमेरिकेचे जॉन गिल हे गणिताचे अभ्यासक आणि जिमनॅस्ट; त्यांनी १९५० च्या दशकात लहान धोंड्यांवरील अवघड चढाई, म्हणजे बोल्डरिंग, हा स्वतंत्र अभ्यास मानला, जिमनॅस्टांची खडूची पूड आरोहणात आणली आणि रिंगा व दोर यांवरची तयारी कातळाशी जोडली. सोव्हिएत रशियात १९४७ पासून नैसर्गिक कातळावर वेगाच्या स्पर्धा होऊ लागल्या आणि तेथे आरोहणाकडे शिस्तबद्ध खेळ म्हणून पाहिले गेले. पुढचे वळण जर्मनीत आले. वोल्फगांग ग्यूलिश यांनी १९८८ मध्ये न्यूरेंबर्गच्या एका व्यायामशाळेत तिरक्या फळीवर लाकडी पट्ट्या ठोकून त्यांवर पाय न टेकता झेप घेत वर जाण्याचा सराव सुरू केला. व्यायामशाळेच्या नावावरून त्या फळीला 'कॅम्पस बोर्ड' हे नाव पडले आणि १९९१ मध्ये 'अ‍ॅक्शन डिरेक्ट' ही त्या काळची जगातील सर्वांत अवघड चढाई त्यांनी त्या सरावाच्या जोरावर केली. या यशाने जगभरच्या तरुणांना झपाटले, आणि ग्यूलिश यांच्यामागे असलेली कित्येक वर्षांची तयारी न पाहता केवळ त्यांची फळी उचलली गेली. तिने मोडलेल्या बोटांची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

त्यानंतर दोन प्रवाह पुढे आले आणि आज तेच प्रमुख आहेत. एक मोजमाप करणाऱ्यांचा: स्पेनच्या एवा लोपेस यांच्यासारख्या अभ्यासकांनी कडेची जाडी, लोंबकळण्याचे सेकंद, जोडलेले वजन आणि मधली विश्रांती यांचे हिशोब मांडून बोटांच्या तालमीला अंदाजाच्या हातून सोडवले. दुसरा वैद्यक आणि भौतिकोपचार यांचा. या प्रवाहातील लोक रोग्याला पूर्ण विश्रांती देऊन घरी बसवण्याच्या जुन्या पद्धतीपासून दूर गेले, कारण भाराविना कंडरा कमजोरच होत जाते. स्कॉटलंडचे डेव्ह मॅक्लाउड हे स्वतः उच्च दर्जाचे आरोहक. त्यांनी दुखापतींवर सविस्तर ग्रंथ लिहून या दोन प्रवाहांचा मेळ घातला. प्रस्तुत ग्रंथाचा ओढा याच मेळाकडे आहे, आणि कॅम्पस बोर्डाबद्दल तो उघडपणे सावध आहे.

या साऱ्यात मराठी मुलखाचे स्वतःचे काही नाही असे मानणे अन्यायाचे होईल. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले. त्या खांबावर आणि विशेषतः दोरीच्या मल्लखांबावर तयार झालेल्या मुलाला पकड, खांद्याची स्थिरता, पोटाचा कणखरपणा आणि उलटे असताना दिशाभान हे सारे लहानपणीच मिळते, जे पाश्चात्त्य आरोहक विशीत शिकतो. वैदर्भीयांना तर यासाठी दूर पाहायला नको: १९१४ मध्ये स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन येथे ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली होती. बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांनी संपादिलेल्या 'व्यायाम ज्ञानकोशा'सारखा खंडात्मक प्रकल्प मराठीत झाला, यावरून या भाषेत शरीराविषयी बारकाईने बोलण्याची शक्ती किती होती हे दिसते. जोर हा ढकलण्याचा व्यायाम आहे आणि मुद्गल फिरवताना खांद्याचा सांधा भाराखाली पूर्ण वर्तुळात जातो. सतत ओढणाऱ्या आरोहकाला नेमके हेच कमी पडते. आखाड्याने दिलेले नाही ते एकच, बोटांच्या शेवटच्या पेराची तालीम, कारण मल्लखांब तळहाताने, मांडीने आणि काखेने धरला जातो. ती भर आधुनिक पद्धतींतून घालावी लागते.

संघटित आरोहणाची परंपराही महाराष्ट्रात आता जुनी झाली आहे. मुंबईचा गिरिविहार हा संघ १९५४ पासूनचा आणि पुण्याची गिरिप्रेमी १९८२ पासूनची. २०१६ आणि २०१७ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगच्या विश्वचषक मालिकेतील स्पर्धा झाल्या, आणि २०२१ मध्ये भरलेल्या टोकियो ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. पण ज्या घटनेने हा विषय विदर्भाच्या दारात आणून ठेवला ती वेगळीच आहे. मे २०१८ मध्ये 'मिशन शौर्य' या उपक्रमातून चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांत शिकणाऱ्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. त्याआधी चार वर्षे, तेलंगणातील शासकीय निवासी शाळेची पूर्णा मालावत ही तेरा वर्षांची मुलगी त्याच शिखरावर पोहोचली होती, आणि तिची सुरुवात हैदराबादजवळच्या भोनगीरच्या ग्रॅनाइटवर झाली होती.

चंद्रपूर जिल्हा आणि तेलंगणा या दोन मुलखांच्या शेजारी, पैनगंगेच्या अलीकडे, यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात झरी जामणी तालुका आहे. तेथे सह्याद्रीसारखे सुळके नाहीत. चुनखडकाची जमीन, कापसाची शेते, सागाचे जंगल आणि कोलामांची पोडे, म्हणजे वस्त्या, हे त्याचे रूप. शासनदरबारी विशेष असुरक्षित गणल्या गेलेल्या महाराष्ट्रातील तीन आदिवासी समाजांपैकी कोलाम हा एक. अशा तालुक्यातील शाळेत खेळाच्या शिक्षकासमोर आज काटक, झाडावर सहज चढणारी, उन्हातान्हात राबलेली मुले उभी आहेत, शेजारच्या जिल्ह्यातील मुलांनी काय केले हे त्यांना ठाऊक आहे, आणि त्यांना शिकवण्यासाठी मराठीत हाताशी धरावे असे पुस्तक नाही. मुंबई-पुण्याचा आरोहक बोट दुखावल्यावर खेळवैद्याकडे जातो. येथून हाताच्या शल्यविशारदाकडे जायचे तर बहुधा नागपूर किंवा हैदराबादची वाट धरावी लागते, मजुरी बुडवावी लागते. जेथे उपचार दूर आहे तेथे प्रतिबंध हाच मुख्य उपचार ठरतो. म्हणूनच या ग्रंथाने आपला वाचक म्हणून शहरातील अनुभवी आरोहकाइतकाच झरी जामणीचा हा शिक्षक डोळ्यांसमोर ठेवला आहे.

त्याच्या विद्यार्थ्यांबाबत तीन गोष्टी कोणत्याही परदेशी पुस्तकात एकत्र सापडणार नाहीत. पहिली वयाची. वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीच्या चकत्या असतात, त्या अजून कूर्चेच्या म्हणजे मऊ असतात, आणि बारा ते सोळा या वयात, उंची झपाट्याने वाढत असताना, वारंवार क्रिम्प केल्यास बोटाच्या मधल्या सांध्याशी असलेली चकती झिजून तडकू शकते. सांध्याच्या पाठीवर, म्हणजे वरच्या बाजूला, हळूहळू वाढत जाणारे दुखणे हे तिचे लक्षण. मोठ्या माणसाचे वलय अशा वेळी दुखावले असते, मुलाचे हाड दुखावते. वेळीच चढणे थांबवले तर ते भरून येते, न थांबवल्यास बोट जन्मभर वाकडे राहू शकते. कॅम्पस बोर्ड आणि वजन बांधून लोंबकळणे या वयाला पूर्णपणे वर्ज्य आहे, यात या ग्रंथाने कोणतीही सवलत ठेवलेली नाही.

दुसरी गोष्ट रक्ताची. सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक दोष विदर्भातील आदिवासी आणि अन्य काही समाजांत मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि जुलै २०२३ मध्ये केंद्र शासनाने त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीमच सुरू केली. ज्याला हा दोष एकाच पालकाकडून मिळाला तो वाहक. तो एरवी निरोगी असतो, शेतात दिवसभर राबतो, धावतो. परंतु शरीरातील पाणी घटलेले असताना, वैशाखाच्या उन्हात किंवा अतिउंचीवर, अचानक जिवाच्या आकांताने केलेल्या श्रमांत त्याला गंभीर धोका संभवतो. याचा अर्थ वाहक मुलांना दोरापासून दूर ठेवावे असा कोणीही काढू नये, कारण तो त्यांच्यावर दुसरा अन्याय ठरेल. तपासणी आधी करावी, निकाल चारचौघांत जाहीर करू नये, सराव पहाटे ठेवावा, भार हळूहळू वाढवावा, पाणी मागण्याची वाट न पाहता द्यावे, आणि मूल पाय दुखतात, दम लागला म्हणाले की ते आळशीपणाने म्हणते असे कधीही समजू नये. प्रत्यक्ष आजार असलेल्या मुलाचा निर्णय वैद्याचाच.

तिसरी गोष्ट अन्नाची. हलके शरीर चढायला सोपे, या विचाराने जागतिक स्पर्धांतील आरोहकांनी स्वतःला उपाशी ठेवण्याचा प्रश्न इतका गंभीर झाला, आणि त्यावर पुरेशी कारवाई होईना, की २०२३ मध्ये शॉफ्ल यांच्यासह दोन वैद्यांनी आंतरराष्ट्रीय महासंघाच्या वैद्यकीय समितीचा राजीनामा दिला, आणि पुढे महासंघाला त्यासंबंधी नियम करावे लागले. शरीराला श्रमाच्या मानाने ऊर्जा कमी मिळाली की हाडे ठिसूळ होतात, मुलींची पाळी बंद पडते, कंडरा भरून येत नाहीत. जेथे मुलांचे वजन आधीच कमी आणि रक्त आधीच पातळ आहे, तेथे वजन घटवण्याचा सल्ला हा अपराध आहे. सरावाआधी भाकरी आणि सरावानंतर डाळ, अंडे किंवा चण्यांची उसळ, हे या ग्रंथाच्या दृष्टीने हार्नेसइतकेच सुरक्षेचे साधन आहे.

साधनांच्या बाबतीत ग्रंथाची भूमिका साधेपणाची आहे, आणि हा साधेपणा तडजोड म्हणून स्वीकारलेला नाही. वाढ पुरी झालेल्या तरुणांच्या बोटांची तालीम विकतच्या फळीवाचून कशी करावी याचा एक नमुना येथेच देता येतो. सागाचा वीतभर ठोकळा घेऊन त्याला २० मिलिमीटर खोलीची कड काढावी, ती पॉलिश पेपरने गोलसर घासावी, ठोकळ्याला दोरी ओवून खाली बादली टांगावी. बादलीत ओतलेले एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. उभे राहून, बोटे दुमडून न घेता अर्धी उघडी ठेवून, बादली जमिनीपासून चार बोटे उचलायची, दहा सेकंद धरायची, हळू टेकवायची. दर वेळी दोन-तीन मिनिटे विसावा घेत हे प्रत्येक हाताने पाच वेळा, आठवड्यातून दोनदा करायचे. दोन आठवडे कुठेही न दुखता गेले तरच एक लिटर वाढवायचे. पाय जमिनीवर असल्याने येथे देहाचे वजन अचानक बोटावर येत नाही, आणि पाण्याची पातळी पाहून कोणालाही आपली प्रगती वाचता येते. कापूस वेचून ज्यांची नखांभोवतीची कातडी बोंडांच्या वाळल्या टोकांनी फाटलेली असते त्यांनी वेचणीच्या दिवसांत हा सराव सोडून द्यावा, रात्री बोटांना तेल लावावे आणि त्या काळात जोर-बैठका कराव्यात.

शेवटी भाषेविषयी. परिभाषा घडवताना ग्रंथाने हट्ट धरलेला नाही. जे शब्द दोरावर असताना ओरडून सांगितले जातात ते, बिले, होल्ड, रॅपलिंग, आहेत तसेच ठेवले, आणि शरीराविषयीचे शब्द मराठीतून घेतले. दुखण्याच्या बाबतीत तर मराठीने फार मोठी सोय करून ठेवली आहे. चढल्यावर हात भरून येतो, दुसऱ्या दिवशी खांद्यात रग राहते, सकाळी बोटे अवघडतात. पेरात कळ येते, सांध्यात चमक निघते, रात्री बोट ठणकते. यांतली पहिली दोन बहुधा श्रमाची खूण आहेत, तिसरी आठवडाभर टिकली तर भार कमी करायला सांगते, आणि उरलेली तीन त्याच क्षणी थांबायला लावतात. ग्रंथात सुचवलेल्या सराववहीत म्हणूनच दुखण्याला दहापैकी गुण देण्याचा रकाना नाही. त्या जागी हे सहा शब्द छापले आहेत, आणि विद्यार्थ्याने रोज त्यांतल्या लागू पडणाऱ्या शब्दाला गोल करून बोटाचे नाव लिहायचे आहे.